उजवीकडची चटणी

पहिली कादंबरी लिहिताना आपली कोणी वाट पाहत नसतं. हे केवढं मोठं सुख आहे ते दुसरी लिहायला बसल्यावर कळतं. माझी पहिली लिहून होत होती तेव्हा विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी काही लिहिते याचा कुणाला पत्ता नव्हता. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. त्या काळात पुण्यात पिठाच्या गिरणीशेजारी, दवाखान्याच्या वर, जिथे जागा मिळेल तिथे कॉम्प्युटर क्लास निघत होते, आणि ज्याला माउस धरता येई तो शिक्षक होत होता. दोन बॅचच्या मध्ये मिळेल तेवढा वेळ मी लिहायची. प्रिंटरचे वाया गेलेले, दोन्ही कडांना भोकं पाडलेले लांबलचक कागद क्लासमध्ये पडलेले असत. माझी पहिली कादंबरी त्या कागदांच्या पाठीवर लिहिलेली आहे.

ती आईवर होती. आई लग्न होऊन नागपूरकडच्या खेड्यातून पुण्यात आली. वडील गेल्यावर एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि आम्हा भावंडांना शिकवून तिथूनच निवृत्त झाली. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात शिकण्याला पर्याय नव्हता. नापास होणं आणि चोरी करणं आईच्या हिशेबी सारखंच. हे सगळं मी लिहिलं, एका पेठेतल्या जुन्या प्रकाशकांनी ते छापलं, आणि पुस्तकाला बक्षिसं मिळाली. ते अभ्यासक्रमात लागलं. मला शाली मिळायला लागल्या. आईने त्या एकेक करून ओळखीपाळखीच्या लग्नांत आहेर म्हणून देऊन टाकल्या.

परीक्षणं भरपूर आली. सगळ्यांत एक शब्द होता, 'अस्सल'. त्याच्या मागोमाग 'भोगलेलं', 'सोसलेलं', 'जगलेलं'. 'लिहिलेलं' असं मात्र कुणी म्हटलं नाही. जे वाक्य मी खोडून खोडून, कागद फाटेपर्यंत लिहिलं होतं, ते एका विद्वानांच्या मते 'अगदी सहज उमटलं' होतं. मला त्या शब्दाचा असा राग आला की पुढे कितीतरी दिवस कुणी 'सहज' म्हटलं तरी माझं डोकं फिरायचं. नळाला पाणी सहज येतं. तेही विश्रांतवाडीत येत नाही.

मग लोक आईला बघायला यायला लागले. एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले. ती पोरं चांगली होती, बिस्किटांचा पुडा घेऊन आली होती. पण त्यातल्या एकीला आईचा फोटो स्टोव्हपाशी बसलेला हवा होता. आमच्याकडे गॅस येऊन जमाना झाला होता. "स्टोव्ह नाहीच का?" असं तिने इतक्या हिरमुसल्या आवाजात विचारलं की आईने मला आत बोलावलं.

"मी का जत्रंतली हत्तीण आहो का, लोकं पाहाले येतात?" आई म्हणाली. "माह्यं जेवढं होतं तेवढं लिहून झालं न तुहं? आता दुसऱ्याच्या घरात जाय."

ती रागाने बोलली होती. मी मात्र ते मनावर घेतलं.

पण दुसऱ्याच्या घरात जाणं सोपं नसतं. आधी मी वडिलांवर लिहून पाहिलं, कारण प्रकाशकांना तेच हवं होतं. हे प्रकाशक मोठे कोरडे गृहस्थ होते. पुस्तकांवर मनापासून प्रेम, माणसांवर बेताचं. भेटले की विचारायचे, "आई झाली. आता वडील? की आजी आहे कोणी?" जणू माझ्या घरात माल शिल्लक आहे आणि मी तो दाबून ठेवला आहे. मी वडिलांची पन्नासेक पानं लिहिली आणि वाचून पाहिली. माझ्या लक्षात आलं की मी माझीच नक्कल करते आहे. ज्या वाक्यांना लोकांनी माना डोलावल्या होत्या तसलीच वाक्यं मी पाडत होते, आणि वडील बिचारे त्या वाक्यांत कुठेच नव्हते. ती पानं मी रद्दीत दिली. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. कारण मनात भीती एकच होती, की लोकांचं म्हणणं खरं असलं तर? मला फक्त आईच लिहिता येत असली तर?

त्याच सुमारास बँकांत कॉम्प्युटर येत होते आणि आमच्या क्लासला त्यांच्या लोकांना शिकवायचं काम मिळालं. मला कोथरूडच्या एका शाखेत पाठवलं. तिथे पन्नाशीचे एक क्लार्क होते. अक्षर छापल्यासारखं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आपलं मूळ गाव कुठलं?" मी सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. "अच्छा," असं म्हणून त्यांनी माउस हातात घेतला. पुण्यात 'अच्छा' या शब्दात जेवढं मावतं तेवढं सबंध भाषणात मावत नाही. त्यानंतर मात्र ते माझ्याशी अतिशय नीट वागले. शिकवलेलं रोज घरून पाठ करून यायचे. कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने कापडी खोळ घालायचे.

पुढे त्या शाखेत व्हीआरएस आली. स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा कुणाची होती हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनीही घेतली. नारळ, शाल, भाषणं झाली. पुढच्या सोमवारी मी शाखेत गेले तर हे गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून ग्राहकांच्या बाकावर बसलेले. "पासबुक भरून घ्यायला आलो," म्हणाले. मंगळवारीही आले. मग रोजच. बँक उघडली की यायचे, बाकावर बसायचे, जेवणाच्या सुट्टीला उठून जायचे. आत बसलेले त्यांचे जुने सहकारी हळूहळू त्यांच्याकडे बघेनासे झाले.

तो बाक माझ्या डोक्यातून गेला नाही. हा माणूस घरी गेल्यावर काय करत असेल? बायकोला काय सांगत असेल? मला काहीच माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हणूनच लिहावंसं वाटलं. आईबद्दल लिहिताना मला सगळं ठाऊक होतं. इथे प्रत्येक खोलीचं दार मलाच उघडावं लागणार होतं. कोथरूडची घरं मी हॉलपर्यंत पाहिली होती. हॉलमध्ये पाणी मिळतं, चहाही मिळतो. स्वयंपाकघर मला कल्पावं लागलं.

लिहायला वर्षं गेली. दरम्यान क्लास बंद पडला आणि मला हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर होतं, त्याची माहितीपुस्तिका मी लिहीत होते. तुम्ही अमेरिकेत कधी आजारी पडला होतात का, असं तिथे मला कुणी विचारलं नाही. चार लोकांना विचारून, डोकं चालवून लिहायचं, एवढंच. विश्रांतवाडी ते हडपसर बसमध्ये उभ्याने मी माझ्या क्लार्कशी भांडत असायची. तू असं का केलंस, आता बायकोला काय सांगणार, मुलाला कळलं तर. एकदा मोठ्यानेच बोलले आणि पुढच्या सीटवरच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.

हस्तलिखित दिलं. प्रकाशकांची पद्धत अशी की हस्तलिखित आधी एका जाणकार वाचकाकडे जायचं, नाव कळायचं नाही, आणि त्यांचा अभिप्राय लेखकाला दाखवला जायचा. माझ्या पहिल्या कादंबरीला असा कोणी वाचक लागला नव्हता. ती म्हणे 'आपोआपच पटणारी' होती. दुसरीला लागला.

अभिप्राय दोन पानांचा होता, पण त्यातला जीव एका परिच्छेदात होता. कादंबरीत असं होतं की निवृत्तीनंतर पहिल्यांदा नायक कामाच्या दिवशी दुपारी घरी जेवायला बसतो आणि बायको त्याचं ताट वाढते. वाचकाने लिहिलं होतं: ताटात चटणी उजवीकडे वाढल्याचं लेखिका म्हणते. मीठ वर मध्ये, चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे, हे या घरांतल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. यावरून लेखिकेला या जगाची ओळख नाही, हे पुरेसं स्पष्ट व्हावं. शेवटी त्याने एक म्हणही टाकली होती, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी वाचत असताना माझे कान गरम झाले. चूक खरीच होती. आमच्याकडे ताटात जिथे जागा असेल तिथे चटणी. भाकरीवर ठेवली तरी आई काही म्हणत नाही.

"वाचलंत?" प्रकाशक म्हणाले.

"वाचलं. चटणीचं खरं आहे."

"चटणीचं सोडा हो. ती एका शब्दात दुरुस्त होईल. घोडं पेंड खातंय दुसरीकडेच. हा माणूस तुमचा नाही."

"मग कुणाचा आहे?"

"असं करा," ते म्हणाले, आणि मला कळलं की हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं आहे. "बँक तीच ठेवा. व्हीआरएस ठेवा. तो बाक तर ठेवाच, बाक उत्तम आहे. फक्त हा क्लार्क तुमच्यातला करा. विश्रांतवाडीहून बसने येणारा, राखीव जागेवर लागलेला. मग बघा कादंबरी कशी उभी राहते ते."

"आत्ता बसली आहे का?"

"बसली आहे. पण परक्याच्या ओसरीवर."

वाक्य चांगलं होतं. पुण्यात माणूस समोरच्याला दुखावताना भाषेची हयगय करत नाही. पण मीही याच शहरात वाढलेली होते. मी त्यांच्या मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"तिथे आमच्या वस्त्यांवरच्या किती कादंबऱ्या आहेत तुमच्या? लिहिणारे कुठल्या वस्तीत राहत होते?"

"अहो, ते लेखक आहेत. लेखक कल्पना करतो."

"आणि मी?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं होतं. वाईट माणूस नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. वाईट माणसाला शिवी देऊन मोकळं होता येतं.

"चटणी चुकली," मी म्हणाले. "चुकणारच. मला स्वयंपाकघरापर्यंत कुणी बोलावलं असतं तर नसती चुकली. पण क्लार्क मी बदलणार नाही. तो आमच्यातला केला की तुम्ही त्याला वाचणार नाही, फक्त त्याची कीव कराल. आईचं तेच केलंत सगळ्यांनी."

गठ्ठा उचलून मी बाहेर पडले. इतकं सगळं बोलल्यावर आता दुसरी कादंबरी येणारच नाही, मी एका पुस्तकाची बाई म्हणून मरणार, असं मला स्वच्छ वाटलं. तरी परत वर जावंसं वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी ते पान काढलं. म्हटलं, बाकी काही असो, चूक ती चूक. 'उजवीकडे' खोडून 'डावीकडे' लिहायचं, एवढंच काम. पेन टेकवलं आणि थांबले. मला त्या अनामिक वाचकाचा त्रागा आठवला. एक चटणी इकडची तिकडे झाली तर हा माणूस एवढा खवळतो. मग माझा नायकही खवळला असताच की! त्याच घरांतला, त्याच वळणाचा. रुपया-पैशाचा फरक लांबून ओळखणारा. इतकी वर्षं संसारात त्याने बायकोला अशा गोष्टीवरून टोकलं नसेल असं होणारच नाही. मला त्याच्याबद्दल जे माहीत नव्हतं ते नेमकं या वाचकाने मला पत्ता न देता घरपोच पाठवलं होतं.

आणि त्याची बायको? इतकी वर्षं ती सकाळी त्याचा डबा भरत आली. दुपारी ती एकटी, ओट्याशी उभ्याउभ्या चार घास खाणारी. आज भरदुपारी तो समोर पाटावर बसला आहे आणि आता रोजच बसणार आहे. तिचा हात चुकणार नाही तर काय होईल?

मी 'उजवीकडे' तसंच ठेवलं. खाली तीन वाक्यं लिहिली. त्याने चटणीकडे पाहिलं. आता हा बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो काही न बोलता जेवायला लागला, तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली.

लिहिल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. आई तांदूळ निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं वं, हासून काहून राह्यली?" मी हसत होते हे मला माहीत नव्हतं. आनंदच तसा झाला होता. पहिल्या कादंबरीच्या सगळ्या बक्षिसांत मिळून मला तेवढा आनंद झाला नव्हता, कारण हे मला कुणाच्या दुःखातून आयतं मिळालेलं नव्हतं. हे मी केलं होतं.

ते एकच पान घेऊन मी प्रकाशकांकडे गेले. बसा म्हणायच्या आत त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं.

"हे सुचलं कसं तुम्हाला?"

"चुकले म्हणून."

ते पहिल्यांदा माझ्यासमोर हसले. मग लगेच धंद्यावर आले. "छापू. पण सांगून ठेवतो, पहिलीसारखी खपणार नाही."

"नाही खपली तर नाही."

"लेखकाने असं म्हणू नये. प्रकाशकाला झोप लागत नाही."

'लेखक' म्हणाले ते मला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटची कुरबुर मलपृष्ठावरून झाली. त्यांनी मजकूर लिहून ठेवला होता: 'वेदनेच्या जगातून प्रथमच बाहेर पडून लेखिकेने...' मी तो खोडला आणि त्याखाली लिहिलं, 'एका माणसाची नोकरी जाते. पुढे काय होतं ते आत आहे.' एवढ्याने भागत नाही, असं ते म्हणाले. भागवा, असं मी म्हटलं.

पुस्तक आलं आणि ते म्हणाले होते तसंच झालं. बक्षीस नाही, अभ्यासक्रम नाही. एका परीक्षणात 'लेखिका आपली वाट सोडून भरकटली' असं होतं, दुसऱ्यात 'पहिलीतला दाह इथे नाही'. भावाने विचारलं, "आपल्या लोकांचं सोडून त्यांचं कशाला?" त्यालाही मी सोडलं नाही. म्हटलं, "त्यांनी आपल्यावर लिहिलं तेव्हा त्यांच्या भावाने त्यांना असं विचारलं असेल का?" त्याला पटलं नव्हतं, पण जेवणं व्हायची होती.

मग कोथरूडच्याच एका वाचनालयाने बोलावलं. पत्र आलं ते पहिल्या कादंबरीतला उतारा वाचण्यासाठी. मी कळवलं, वाचीन तर दुसरीतला. बरीच फोनाफोनी झाली आणि ते कबूल झाले. सभागृह बऱ्यापैकी भरलेलं होतं. मी ताटाचं पान वाचलं. चटणी उजवीकडे आली तशी पुढच्या रांगांत थोडी चुळबुळ झाली. तीन वाक्यं झाली आणि चुळबुळ थांबली.

वाचन संपायच्या आतच पहिल्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. साठीच्या, नीटनेटक्या, बोलणं मऊ. "राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तुमची पहिली कादंबरी इतकी खरी होती. हे सगळं तर आमच्या घरांतलं. तुमच्या अनुभवातलं नाही. मग हे लिहिण्याचा... म्हणजे, आपण हे कसं काय लिहिलंत?"

'अधिकार' हा शब्द त्यांनी सभ्यपणे गिळला होता. मला तो दिसला. माझ्या मनात सगळं वर आलं. तो 'अच्छा', ती ओसरी, स्टोव्ह शोधणारी मुलगी. वाटलं, आता तोफ डागावी. पण मी त्यांना विचारलं,

"पहिली वाचलीत तुम्ही?"

"दोनदा."

"रडलात?"

"हो. अगदी ढसाढसा. तो दवाखान्यातला प्रसंग आहे ना..."

"तुम्ही आयाचं काम केलंय कधी?"

"छे, नाही."

"विश्रांतवाडीला आलाय?"

त्या ओशाळून हसल्या. "आळंदीला जाताना. बसमधून."

"मग ते तुमच्या अनुभवातलं नव्हतं."

"नव्हतं."

"तरी कळलं?"

"कळलं की! का नाही कळणार?" त्या जवळजवळ दुखावूनच म्हणाल्या.

"मग तुमचं मला कळलं, याचं तुम्हाला नवल का वाटतं?"

त्या उभ्याच राहिल्या. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आता चहा घेऊ या, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हणाले, "चहा नंतर घेऊ," आणि पान उलटून पुढे वाचायला लागले.